सहीचं नंतर, आधी तिच्या पेजेचं बोलू

आलेलं पत्र:

"ताई, आम्ही डिचोली तालुक्यातले. मुलगी नववीत, चौदा वर्षांची. शिगम्यापासून तिने सकाळची पेज बंद केली आहे. दुपारी हुमणासोबत मूठभर भात घेते, तोही निवडत बसते. परवा तिचा फोन माझ्या हाती लागला. एकामागून एक सगळ्या रील्स वजन घटवण्याच्या. हाडं दाखवणाऱ्या मुली, दिवसभरात किती कमी खाल्लं त्याचे हिशेब. नवऱ्याने रागाच्या भरात फोन कपाटात कुलपात ठेवला. तेव्हापासून ती आमच्याशी बोलत नाही. याच फोनवरून तिने गेल्या उन्हाळ्यात शाळेच्या रस्त्यावरच्या खनिज ट्रकांच्या धुळीचा व्हिडिओ नाव न देता टाकला होता. तो गावभर फिरला आणि पंधरा दिवस का होईना, रस्त्यावर टँकरने पाणी मारलं गेलं. आता पालक-शिक्षक संघाने आमदारांना द्यायला निवेदन तयार केलं आहे: ऑस्ट्रेलियासारखा कायदा करा, सोळा वर्षांखालच्या मुलांना सोशल मीडिया पूर्ण बंद करा आणि मुलांच्या मनावर वाईट परिणाम करणारा सर्व मजकूर इंटरनेटवरून काढायला लावा. नवरा म्हणतो, डोळे मिटून सही कर. सासरे म्हणतात, अजिबात नाही. त्यांच्या थोरल्या भावाच्या लग्नाची पत्रिकासुद्धा पोर्तुगीज सेन्सॉरकडून पास करून आणावी लागली होती. ती कात्री पुन्हा सरकारच्या हातात द्यायची नाही, असं त्यांचं म्हणणं. सोमवारी कागद परत द्यायचा आहे. मी काय करू?"
— एक आई

ताई,

सोमवारच्या सहीचं पुढे लिहिते. आधी पेज.

वाढीच्या वयातली मुलगी तीन महिने मूठभर भातावर आहे. हा प्रश्न आता फोनपुरता राहिलेला नाही. याच आठवड्यात तिला डॉक्टरांकडे न्या. वजन, रक्त, रक्तदाब बघून घ्या. पाळी नियमित येते का, हे तुम्ही एकटीनेच, घरातलं कुणी जवळपास नसताना विचारा. चक्कर येत असेल, केस गळत असतील, पाळी चुकली असेल तर एक दिवसही थांबू नका. डॉक्टरांनी बांबोळीला आयपीएचबीत, म्हणजे सरकारी मनोरुग्णालयात, दाखवा म्हटलं तर दाखवा. तिथे पाऊल टाकलं की लोक काय म्हणतील, हा विचार मनात आलाच तर त्या मूठभर भाताकडे बघा. रात्री-अपरात्री कुणाशी बोलावंसं वाटलं तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो. तिच्यासाठीही आणि तुमच्यासाठीही.

आणखी एक. "किती बारीक झालीस गं" हे वाक्य घरातून हद्दपार करा. आपण ते काळजीने म्हणतो, पण तिच्या कानाला ती शाबासकी वाटते.

आता फोन. तो कपाटातून काढून तिला परत द्या. तुमच्या नवऱ्याला हे पटणार नाही, म्हणून जरा सविस्तर सांगते. मी बरीच वर्षं शाळाशाळांतून मुलांशी बोलते. फोंड्याकडचा दहावीतला एक मुलगा माझ्याकडे आला तेव्हा त्याचं नख न् नख कुरतडलेलं होतं. एका 'मुली'शी ओळख झाली, फोटो मागितला, त्याने पाठवला आणि दुसऱ्या दिवसापासून पैशांची मागणी सुरू. आईच्या पाकिटातून नोटा काढत त्याने पाच आठवडे ते एकट्याने सोसलं. घरी का नाही सांगितलंस, म्हणून विचारलं तर खाली बघत म्हणाला, "फोन काढून घेतला असता." पाच आठवडे, ताई. ज्या भीतीने आपण मुलांना आवरू पाहतो, तीच त्यांचं तोंड बंद करते. पुढे १९३० या सायबर मदत क्रमांकावर फोन केला, सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवली आणि तो सुटला. पण त्याला सोडवायची पहिली वेळ पाच आठवड्यांपूर्वीच येऊन गेली होती.

म्हणून फोन द्या, फक्त रात्री नऊनंतर तो दिवाणखान्यात चार्जिंगला लागेल. तुमचे दोघांचेही फोन तिथेच. आणि एकदा तिच्या शेजारी बसा. ओरडायला नव्हे, बघायला.

मी स्वतः हे करून पाहिलं, म्हणून सांगते. गेल्या रविवारी म्हापशाला भाचीकडे होते. ती बारावीत आहे. बलकावावर बसून मी तिचा फोन मागितला. तिच्याकडे नाच, मांजरं, पावसातले धबधबे असलं काही येतं. मी म्हटलं, पोट कमी करण्याची एक रील शोध, मी ती शेवटपर्यंत बघणार, बाकी काही करणार नाही. लाइक नाही, कॉमेंट नाही. बघितली. मग बोटाने वर सरकवत राहिले. चार-पाच रील्सनंतर तसलीच दुसरी आली, मी थांबले. थोड्या वेळाने तिसरी. त्यात एक मुलगी बदाम मोजून छोट्या काट्यावर ठेवत होती. पाव तास झाला असेल, तेवढ्यात एक मुलगी अंगठा आणि करंगळी मनगटाभोवती मिळवून दाखवू लागली: ही दोन टोकं जुळली तर तुम्ही ठीक. माझ्या शेजारी बसलेल्या भाचीने नकळत स्वतःचं मनगट धरलं. मी बघते आहे हे लक्षात आल्यावर तिने हात सोडला.

मी काही मागितलं नव्हतं. फक्त थांबले होते. त्या यंत्राला तेवढं पुरतं. तुमच्या मुलीने काही 'वाईट' शोधलं असेल असं समजू नका. शिगम्याच्या नाचासाठी ड्रेस घट्ट झाला म्हणून एखादी रील दोनदा पाहिली असेल, इतकंच. पुढचं सगळं तिच्या पुढ्यात कुणीतरी आणून ठेवलं आहे.

हे कुठवर जाऊ शकतं, ते लंडनमधल्या मॉली रसेल या चौदा वर्षांच्या मुलीच्या बाबतीत जगाने पाहिलं. २०१७ मध्ये ती गेली. मरणाआधीच्या सहा महिन्यांत तिने इन्स्टाग्रामवर साठवलेल्या, लाइक किंवा शेअर केलेल्या सोळा हजारांहून जास्त पोस्टपैकी २,१०० पोस्ट नैराश्य, स्वतःला इजा करणं आणि आत्महत्या याविषयीच्या होत्या. २०२२ मध्ये तिथल्या मृत्यू-चौकशी अधिकाऱ्याने निकाल देताना नैराश्याबरोबर ऑनलाइन मजकुराच्या दुष्परिणामांचाही स्पष्ट उल्लेख केला. तुम्हाला घाबरवायला हे लिहीत नाही. तिचं न जेवणं तुमच्या वेळेवर लक्षात आलं आहे, तुम्ही डॉक्टरांकडे जाणार आहात. पण कायद्याची गरजच नाही, सगळं आईबापांनी बघावं, असं कुणी म्हणालं तर मला ही मुलगी आठवते. तिचे आईवडील डोळे मिटून बसले नव्हते.

आता तुमच्या सासऱ्यांकडे येते. त्यांना माझा नमस्कार सांगा. ते सांगतात ते शब्दशः खरं आहे. सालाझारच्या राजवटीत वर्तमानपत्राचा मजकूर छापण्याआधी तपासणीला जायचा आणि लग्नपत्रिकाही त्यातून सुटत नसे. १८ जून १९४६ ला मडगावात राममनोहर लोहियांना भाषण करू दिलं नाही. गोव्याचा लढा त्या दिवशी पेटला तोच बोलण्याच्या आणि सभेच्या हक्कावरून. हे ज्याने लहानपणी घरात भोगलं, त्याला 'सर्व मजकूर काढायला लावा' या चार शब्दांत कात्रीचा आवाज ऐकू येणारच. मलाही येतो.

पण त्यांना एक विचारा. सेन्सॉर कागद बघून ओळ काढून टाकायचा. आज त्यांच्या नातीच्या पुढ्यात काय ठेवायचं, हे दूर देशातलं एक यंत्र तिचं बोट कुठे थांबलं त्यावरून ठरवतं, आणि तिने जास्त वेळ बघावं म्हणजे जास्त जाहिराती दिसतील एवढाच त्याचा हिशेब. यात तिचं स्वातंत्र्य कुठे आलं? मोकळेपणाने बोलण्याचा हक्क तिचा आहे. तिच्या पुढ्यात भूक विकायला ठेवण्याचा हक्क कंपनीचा आहे, असं मी मानत नाही. या दोन गोष्टी वेगळ्या करता आल्या तर सून, मुलगा आणि आजोबा एका कागदावर येऊ शकतील.

ते वेगळं करणं गोव्याला नवं नाही. मडगावात अनाथाश्रम चालवणाऱ्या फ्रेडी पीट्सला मुलांच्या लैंगिक शोषणाबद्दल १९९६ मध्ये जन्मठेप झाली, हे तुमच्या-माझ्या वयाच्या माणसांना आठवत असेल. त्यानंतर २००३ मध्ये आपल्या विधानसभेने गोवा बाल कायदा केला. पणजीतलं बाल न्यायालय त्याच कायद्याचं. त्यात सायबर कॅफेबद्दल एक तरतूद आहे: मुलांना संगणक वापरायला देणाऱ्या दुकानाच्या मालकाने अश्लील मजकूर मुलांपर्यंत पोचणार नाही अशी यंत्रणा बसवायची, आणि ती जबाबदारी मालकाची. फोटो धुऊन देणाऱ्या स्टुडिओला मुलांचे तसले फोटो आढळले तर पोलिसांना कळवणं बंधनकारक. तो कायदा 'मुलांनी कॅफेत जाऊ नये' असं म्हणत नाही. आत येणाऱ्या प्रत्येक मोठ्या माणसाने ओळखपत्र दाखवावं, असंही म्हणत नाही. दुकान ज्याचं, काळजी त्याची. वीस वर्षांत कॅफे गेले आणि दुकान मुलीच्या हातात आलं, पण तत्त्व मला आजही बरोबर वाटतं.

तुमच्या निवेदनात मात्र भार उलट्या बाजूला टाकला आहे.

ऑस्ट्रेलियाचा कायदा १० डिसेंबर २०२५ पासून लागू झाला. त्याची चांगली बाजू मी लपवणार नाही: दंड कंपनीला, ४ कोटी ९५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत, मुलाला किंवा पालकाला शिक्षा नाही. महिन्याभरात सुमारे ४७ लाख खाती बंद झाल्याचं तिथल्या सरकारने सांगितलं. 'सगळ्यांकडे आहे, मलाच नाही' हे रडगाणं तिथल्या आईबापांच्या डोक्यावरून थोडं उतरलं असेल. आपल्याकडेही आयटी मंत्र्यांनी जानेवारी २०२६ मध्ये गोव्यासाठी असा विचार चालू असल्याचं सांगितलं, म्हणूनच तुमच्या शाळेत हा कागद फिरतो आहे.

तरीही मी त्यावर सही करणार नाही. कारण तुमच्याच पत्रात आहे. धुळीचा तो व्हिडिओ.

चौदा वर्षांच्या मुलीने शाळेत जाता-येता नाकातोंडात जाणारी लाल माती दाखवली. मोठी माणसं ज्यावर गप्प होती, त्यावर ती बोलली. घटनेच्या १९(१)(अ) कलमात भाषणाचं स्वातंत्र्य 'नागरिकांना' दिलं आहे. अठरा पूर्ण झालेल्या नागरिकांना, असं तिथे लिहिलेलं नाही. सरसकट बंदी आली तर रील्सबरोबर तो व्हिडिओही गेला. आणि नाव न देता टाकता आला, हे तर आणखी महत्त्वाचं. सोळा वर्षांखालची मुलं हुडकायची तर सगळ्यांचंच वय तपासावं लागणार, म्हणजे प्रत्येकाने ओळखपत्र किंवा चेहरा कुठेतरी दाखवायचा. तालुक्यात ज्याच्या ट्रकांविरुद्ध लिहायचं त्याच्याच ट्रकवर शेजारच्या घरातला माणूस काम करतो, अशा गावात नाव झाकता येणं म्हणजे काय ते तुम्हाला मी सांगायला नको. शिवाय ती ओळखपत्रं राहतात कुठे? ऑक्टोबर २०२५ मध्ये डिस्कॉर्ड या ॲपने कबूल केलं की वयाच्या तक्रारी हाताळणाऱ्या बाहेरच्या कंपनीकडून सुमारे सत्तर हजार जणांच्या ओळखपत्रांची छायाचित्रं चोरांच्या हाती गेली असावीत.

आणि ते शब्द: 'मुलांच्या मनावर वाईट परिणाम करणारा सर्व मजकूर'. वाईट परिणाम कशाचा, हे कोण ठरवणार? माहिती तंत्रज्ञान कायद्यात ६६ अ नावाचं कलम होतं. 'त्रास', 'गैरसोय' असल्या सैल शब्दांवर कुणालाही उचलता यायचं. २०१२ मध्ये पालघरच्या दोन मुलींना एका फेसबुक पोस्टवरून अटक झाली. त्यातल्या एकीने ती पोस्ट नुसती लाइक केली होती. २०१४ मध्ये आपल्या गोव्यातल्या एका तरुणावर राजकीय मत फेसबुकवर लिहिल्याबद्दल गुन्हा नोंदवला गेला, त्यातही हे कलम होतं. २४ मार्च २०१५ ला सर्वोच्च न्यायालयाने श्रेया सिंघल खटल्यात ते कलम घटनाबाह्य ठरवून रद्द केलं. तुमच्या निवेदनातले शब्द त्याहून सैल आहेत. 'मुलांना आंदोलनाला भडकवणारा व्हिडिओ' म्हणून उद्या सर्वांत आधी काय काढलं जाईल, याचा विचार करा.

ब्रिटनने हे जरा बरं हाताळलं आहे. तिथल्या २०२३ च्या कायद्याने गोष्टी नावानिशी सांगितल्या: अश्लील मजकूर, आत्महत्या, स्वतःला इजा, खाण्याच्या विकारांना उत्तेजन. हे मुलांपुढे येऊ द्यायचं नाही, ही जबाबदारी कंपन्यांवर, २५ जुलै २०२५ पासून. त्यातही वय तपासणीचा काच आहेच आणि लोकांनी लगेच आपलं ठिकाण लपवणाऱ्या व्हीपीएनचे आडमार्ग धरले. पण तुमच्या मुलीला जे दिसत होतं ते त्या यादीत नाव घेऊन लिहिलेलं आहे, सैल शब्दांत नाही. यादी जितकी नेमकी, तितकी कात्री लहान.

आपल्याकडेही पायाचा दगड बसला आहे, फक्त कुणी त्याबद्दल बोलत नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचं कलम ९ म्हणतं की अठरा वर्षांखालच्या मुलांचा माग काढायचा नाही, त्यांच्या वागण्यावर पाळत ठेवायची नाही आणि त्यांना हेरून जाहिराती दाखवायच्या नाहीत. बलकावावर मी जे पाहिलं ते याशिवाय दुसरं काय होतं? बोट कुठे थांबतं याच्यावर पाळत. त्या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, पण मुख्य तरतुदी लागू व्हायला अठरा महिन्यांची मुदत आहे. त्यातही पालकांच्या संमतीची पडताळणी आहे, तिचा व्याप मला काळजीचा वाटतो. पण पाळत बंद करणारा भाग हाच माझ्या मते गाभा, आणि पालकांनी जोर तिथे लावावा.

मुलांच्या लैंगिक शोषणाची चित्रं हा वेगळाच विषय. तिथे अभिव्यक्ती स्वातंत्र्याचा प्रश्नच येत नाही, मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धचा पॉक्सो कायदा आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६७ ब कलम आहे, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तसली सामग्री जवळ बाळगण्याबद्दलही कडक निकाल दिला आहे.

तेव्हा सोमवारी कागद कोरा परत देऊ नका. नुसता नकार दिलात तर 'हिला मुलांचं काही पडलेलं नाही' एवढाच अर्थ निघेल. दुसरा मजकूर घेऊन जा. मी असा लिहिला असता:

"आम्ही नववी-दहावीच्या मुलांचे पालक. आमच्या मुलांना फोनवर न मागता उपासमारीच्या, स्वतःला इजा करण्याच्या रील्स दाखवल्या जातात. अठरा वर्षांखालच्या खात्यांना असा मजकूर सुचवणं कंपन्यांनी थांबवावं आणि मुलांवर पाळत ठेवण्याची कायद्यातली मनाई मुदतीची वाट न बघता लागू करावी, असा ठराव विधानसभेने करून केंद्राकडे पाठवावा. आमच्या मुलांचं लिहिणं-बोलणं बंद करावं, अशी आमची मागणी नाही. आणि आमच्या शाळेत समुपदेशक रोज हजर असावा."

केंद्राकडे पाठवावा असं मुद्दाम लिहिलं. दळणवळण हा घटनेप्रमाणे केंद्राचा विषय आहे, आमदार एकट्याने इन्स्टाग्राम बंद करू शकत नाहीत. समुपदेशकाचं मात्र राज्याच्या हातात आहे, म्हणून शेवटची ओळ सर्वांत जोराने मागा. शाळेत एखादं जाणतं माणूस रोज असतं तर तुमच्या मुलीचा परत आलेला डबा शिगम्यानंतर आठवड्याभरात कुणाच्या तरी नजरेला पडला असता.

हा मजकूर आधी मुलीला वाचायला द्या. तिच्याबद्दलचा कागद आहे, तिने खाडाखोड केली तर करू दे. तिचं नाव किंवा आजार कुठेही येता कामा नये, हेही तिच्यासमोर कबूल करा. मग सासऱ्यांना द्या. त्यांची सही पहिली असावी, असं मला फार वाटतं.

इन्स्टाग्रामच्या सेटिंगमध्ये सुचवला जाणारा सगळा मजकूर पुसून नव्याने सुरुवात करण्याची सोय आहे. शेजारी बसाल तेव्हा ते बटण तिला दाबू द्या, तुम्ही दाबू नका. पुन्हा तसली रील आली की 'नको' म्हणून नोंदवायचं, एवढं ठरवा.

आणि उद्या सकाळी पेज तिच्या पुढ्यात ठेवून लक्ष देत बसू नका. तुमचं ताट घ्या, लोणच्याची फोड घ्या, तिच्याबरोबर जेवायला बसा आणि ट्रकांचं विचारा. यंदा पावसानंतर वाहतूक सुरू झाली की ती पुन्हा व्हिडिओ करणार आहे का, ते. डॉक्टर काय म्हणाले ते मला कळवा.